समुद्राकाठच्या आपल्या राण्या

आपल्या समाजाचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढं डोंगर येतो. श्रवणबेळगोळ, कुंभोज, मांगीतुंगी, गजपंथा. यात्रा म्हणजे पायऱ्या, धाप, वर पोचल्यावर गार वारा आणि मग दर्शन. समुद्र आपल्या यात्रेत नसतो. समुद्रावर आपण जातो ते मे महिन्याच्या सुट्टीत, मुलांसाठी. वाळूचा किल्ला, शहाळं, चार फोटो, आणि मासळीबाजार आला की नाकाला पदर लावून भराभर पुढं. डोंगर धर्माचा आणि समुद्र सहलीचा, ही वाटणी कधी झाली कोण जाणे, पण आपल्या घराघरांत ती पक्की आहे.

म्हणूनच कारवारपासून मंगळूरपर्यंतचा किनारा आपल्यातल्या बायकांनी एकदा तरी सावकाश पाहावा असं मला वाटतं. सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर दोन जैन घराणी राज्य करत होती आणि दोन्हींच्या गादीवर बायका बसल्या होत्या. उत्तरेला गेरसोप्प्याची चेन्नभैरादेवी, दक्षिणेला उळ्ळालची अब्बक्का. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला होता आणि समुद्रावर आपल्या परवान्याशिवाय कुणी गलबत हाकायचं नाही असा त्यांचा हुकूम होता. त्या हुकमापुढं या दोघी वाकल्या नाहीत. आपल्या मुलींना झाशीची राणी ठाऊक असते, अहिल्याबाई ठाऊक असतात, आणि कित्तूरची चन्नम्मा तर आम्हा बेळगावकरांच्या उंबऱ्यावरचीच. पण गेरसोप्पा म्हटलं तर फार तर कुणी म्हणेल, "जोगच्या धबधब्याचं जुनं नाव ना ते?" हो, तेच नाव. पण तो धबधबा ज्या राजधानीच्या नावानं ओळखला जायचा, ती राजधानी एका बाईची होती, हे आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही.

बेळगावहून निघायचं तर हुबळी, यल्लापूर करत अरबैल घाटानं अंकोल्याला उतरावं. घाटमाथ्यावर ज्वारी-भुईमुगाचा मुलूख मागं पडतो, रान दाट होत जातं, आणि सुपारीच्या बागांत झाडांना बिलगून चढलेले मिरीचे वेल दिसू लागतात. गाडी थांबवून ते वेल बघाच. सगळ्या गोष्टीची सुरुवात तिथून आहे. मसाल्याच्या डब्यात आपण जिला कोपऱ्यातली वाटी देतो, त्या मिरीसाठी युरोपातली जहाजं अर्धी पृथ्वी वळसा घालून इथं आली होती. घाटातली मिरी बैलांच्या पाठीवरून नदीकाठी यायची, होडीनं खाडीतून बंदरात जायची आणि तिथून जहाजात चढायची. या वाटेवर ज्याचा ताबा, त्याच्याकडं पैसा. ही वाट चेन्नभैरादेवीच्या राज्यातून जायची. पोर्तुगीज तिला 'मिरीची राणी' म्हणत.

खाली उतरलं की आधी गोकर्ण. आता तिथं कुडले, ओम, हाफ मून, पॅरडाइज अशा नावांच्या पुळणी आहेत आणि कड्यांच्या कडेनं एका पुळणीवरून दुसरीवर जाणारी पायवाट आहे. ती वाट जरूर चालावी. मात्र सकाळी लवकर निघावं, पायांत बूट असावेत, आणि आपलं गाळलेलं पाणी बरोबर घ्यावं. उजव्या हाताला खाली समुद्र, डावीकडं जांभ्याचा कडा, मध्ये काजूची झुडपं. आमच्या महिला मंडळातल्या साठी ओलांडलेल्या दोघी ओमपर्यंत कुरकुर न करता चालल्या. आणि एक गंमत सांगते. सूर्यास्तापूर्वी जेवणारी माणसं समुद्रावर सगळ्यांत सुखी असतात. हॉटेलांत गर्दी होते तेव्हा आपलं सगळं उरकलेलं असतं, आणि मावळतीचा अख्खा समुद्र आपल्याला मोकळा मिळतो.

पण पुळणींइतकीच मला जवळची साणीकट्ट्याची मिठागरं आवडली. गोकर्णाहून थोडंच आत, अघनाशिनीच्या खाडीकाठी पांढऱ्या चौकोनांची रांगच्या रांग. याच खाडीच्या काठच्या शेतांत 'कग्ग' नावाचं भात पिकतं. खारं पाणी शिरलं तरी ते तग धरून उभं राहतं. मीठ, तांदूळ आणि मिरी. इतिहासाच्या पुस्तकात लढायांची नावं असतात, पण या किनाऱ्यावरच्या लढाया बऱ्याच अंशी या तीन जिनसांसाठी झाल्या. गोव्यातल्या आणि इतर ठाण्यांतल्या पोर्तुगिजांचं पोट इथल्या तांदळावर चालायचं. त्यामुळं खंडणी मागायची ती तांदळात आणि मिरीत. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला यातली मेख चटकन कळेल. ज्याच्या हाती कोठीची किल्ली, त्याच्या हाती घर.

ही किल्ली कशी असते ते मिर्जानला दिसतं. गोकर्ण आणि कुमटा यांच्या मध्ये, महामार्गापासून अगदी जवळ, अघनाशिनीच्या काठी हा किल्ला आहे. चेन्नभैरादेवीचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. तिच्यानंतरही तो अनेकांच्या हातांतून गेला. आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांसारखा हा उंचावर नाही. सपाटीवर आहे, जांभ्याच्या दगडाचा, भोवती खंदक आणि आत खोल विहिरी. पावसाळ्यानंतर गेलं तर बुरुजांवर हिरवं शेवाळ आणि गवत एवढं माजलेलं असतं की दगड कुठं संपतो आणि रान कुठं सुरू होतं ते कळत नाही. उत्खननात इथं चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. विचार करा, आपल्या घाटातली मिरी जाते आणि चीनची बशी येते. सपाटीवरचा, नदीकाठचा किल्ला का बांधला, याचं उत्तर त्या तुकड्यांत आहे. राज्य राखायचं होतंच, पण त्याहून आधी माल राखायचा होता. मी तिथल्या विहिरीच्या कठड्याशी उभी राहून एवढाच हिशेब करत होते की वेढा पडला तर किती माणसांना किती दिवस पाणी पुरेल. बाईनं राज्य चालवलं म्हणजे काय केलं, याचं पहिलं चित्र मला तलवारीचं दिसलं नाही, ते पाण्याचं दिसलं.

मिर्जानहून कुमटा ओलांडून होन्नावर. इथं शरावती समुद्राला मिळते. आज लोक इथं कांदळवनातून बांधलेल्या लाकडी वाटेवरून फिरतात, पलीकडं कासरकोडच्या पुळणीला २०२० मध्ये 'ब्लू फ्लॅग' हा स्वच्छ किनाऱ्याचा मान मिळाला, आणि दक्षिणेला अप्सरकोंडाचा छोटा धबधबा आहे. सगळं बघावं. पण होन्नावरला गेल्यावर मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगावी. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी इथं आला होता. अर्धं जग पाहिलेला माणूस. त्यानं लिहून ठेवलंय की या गावात मुलींच्या १३ शाळा होत्या आणि मुलांच्या २३, आणि अशी गोष्ट त्यानं दुसरीकडं कुठंही पाहिली नाही. या शाळा तिथल्या मुसलमान वस्तीतल्या, कुराणाचं पठण शिकवणाऱ्या. इथल्या बायकांना कुराण मुखोद्गत होतं असंही तो सांगतो. धर्म कोणताही असो, या किनाऱ्यावर मुलीनं शिकणं हे साडेसहाशे वर्षांपूर्वी नवलाचं नव्हतं. ज्याला नवल वाटलं तो बाहेरून आलेला होता.

याच होन्नावरच्या बंदरावर पुढं चेन्नभैरादेवी आणि पोर्तुगीज यांची झुंज झाली. १५५२ ते १६०६ हा तिचा राज्यकाळ सांगतात. म्हणजे अर्ध्या शतकाहून जास्त. पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय लुईस द आताईद यानं १५६९ मध्ये होन्नावर जिंकून घेतलं. त्याच्या पुढच्याच वर्षी विजापूरच्या आदिलशहानं गोव्याला वेढा घातला, अहमदनगरच्या निजामशहानं कोकणातल्या चौलला वेढा घातला, आणि कालिकतचा सामुतिरीही उठला. त्याच सुमाराला विजापूरची कुमक घेऊन या राणीनं होन्नावरच्या किल्ल्यावर फौज घातली. किल्ला काही परत मिळाला नाही. पण नकाशावर बोट ठेवून बघा. उत्तरेला चौल, मध्ये गोवा, खाली होन्नावर, त्याच्याही खाली मलबार. एवढ्या लांब किनाऱ्यावर एकाच वेळी उठलेल्या आगीत जंगलातल्या छोट्या राज्याची एक जैन बाई आपली काडी टाकते. मुसलमान सुलतानांची मदत घेते, आणि आपलं बंदर परत मिळावं म्हणून झगडते. याच दिवसांत, १५६० पासून, गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं होतं. धर्म वाचवायला गोव्यातून माणसं दक्षिणेकडं निघाली ती याच किनाऱ्यावर येऊन राहिली. कुमट्या-होन्नावरात आज कानावर पडते ती कोंकणी त्यांच्याबरोबर आली. परमुलखातून आलेल्या माणसांना इथं थारा मिळाला, ही गोष्टही लढाईइतकीच मोलाची आहे.

होन्नावरहून शरावतीच्या काठानं आत गेलं की गेरसोप्पा. गावापासून जुनी राजधानी वेगळी आहे. नगरबस्तीकेरी म्हणतात त्या भागात, दाट रानात चतुर्मुख बसदी उभी आहे. करड्या दगडाची, चारी दिशांना चार दारं. गाभाऱ्यात चारी दिशांना मुख करून बसलेले तीर्थंकर. आसपास आणखीही बसद्या आहेत, आणि ज्वालामालिनी देवीच्या दर्शनाला आपले लोक आजही येतात. त्या चतुर्मुख बसदीच्या आत गेलं की बाहेरचा उन्हाचा ताव एकदम निवतो. एका दारातून बघावं तर झाडं, दुसऱ्यातून झाडं, तिसऱ्यातूनही झाडंच. इथं पेठ होती, इथं व्यापारी होते, मिरीची पोती होती, हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. बेळगावच्या किल्ल्यातली आमची कमल बसदी १२०४ ची, इथल्यापेक्षाही जुनी. पण तिच्या भोवती शहर नांदतंय आणि रोज माणसं आत पाऊल टाकतात. गेरसोप्प्याला मूर्ती आहेत, शहर नाही. आमच्यातल्या एका काकूंनी पदराच्या टोकानं चौकटीवरची धूळ पुसली. तेवढीच त्या दिवसाची पूजा.

हे शहर ओसाड कसं झालं? केळदीच्या वेंकटप्पा नायकानं गेरसोप्पा जिंकलं आणि राणी कैदेत वारली असं सांगतात. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १६२३ मध्ये, पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी होन्नावरहून नदीमार्गे इथं आला. त्यानं पडकी घरं आणि त्यांवर वाढलेलं रान पाहिलं. आणि राज्य बुडण्याचं कारण म्हणून त्याच्या कानावर काय पडलं? शेवटची राणी एका परक्या, हलक्या कुळातल्या पुरुषाच्या प्रेमात पडली, सगळा कारभार तिनं त्याच्या हाती दिला, आणि तोच उलटला. म्हणजे मिरीचा बाजार, तांदळाची खंडणी, पोर्तुगिजांची तोफखान्याची गलबतं, शेजारच्या नायकाची हाव, हे सगळं बाजूला. बाई होती, भुलली, बुडाली. एवढ्यात उत्तर संपलं. पुरुष राजा हरला की आपण फौज मोजतो, दारूगोळा मोजतो, फितूर शोधतो. बाई हरली की तिचं मन तपासायला बसतो. ही खोड चारशे वर्षांपूर्वीच्या परदेशी पाहुण्याची एकट्याची नाही. कुणाच्या सुनेचं दुकान बुडालं तर आपल्याच बैठकीत काय बोललं जातं ते आठवा.

भटकळकडं निघालं की रस्त्याच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र इतके जवळ येतात की मध्ये फक्त रस्ता आणि रेल्वे मावते. भटकळ हे मोठं बंदर होतं. १५४२ मध्ये पोर्तुगिजांचा गव्हर्नर मार्तिम आफोन्सो द सोझा यानं ते लुटलं आणि जाळलं, तेव्हाही इथं राणीच राज्य करत होती. गावात जट्टप्पा नायकानं बांधलेली चंद्रनाथेश्वर बसदी आहे, ती पाहावी. आणि सवड असेल तर आत हाडवळ्ळीला जावं. एकेकाळी याचं नाव संगीतपूर. नावावरूनच गावाची ऐट कळते. इथल्या मठाच्या परंपरेतल्या भट्टाकळंकदेवांनी १६०४ मध्ये 'कर्नाटक शब्दानुशासन' हे कन्नड भाषेचं मोठं व्याकरण पुरं केलं. तारखा जरा शेजारी शेजारी ठेवा. डोंगरापलीकडं गेरसोप्प्याचं राज्य शेवटचे दिवस मोजत होतं, आणि एक मुनी सूत्रामागून सूत्र रचत भाषेची घडी बसवत होते. राज्य गेलं. व्याकरण अजून विद्यापीठांत शिकवतात.

पुढं उडुपीकडं सरकलं की कार्कळ, वेणूर आणि मूडबिद्री ही आपली माहितीची नावं लागतात. ती समुद्रापासून थोडी आत आहेत, पण बंदरांच्या पैशावरच उभी राहिली. कार्कळचे ४२ फुटी बाहुबली १४३२ चे, वेणूरचे ३५ फुटी १६०४ चे, कार्कळची चतुर्मुख बसदी १५८६ ची आणि मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी १४३० ची. यात्रेला जाणाऱ्यांना हे पाठ असतं, म्हणून लांबण लावत नाही. फक्त मूडबिद्रीला दोन गोष्टींकडं लक्ष द्या. हजार खांबांच्या बसदीसमोरचा उंच मानस्तंभ नागलादेवी या राणीनं उभारला. आणि आपले धवल, जयधवल, महाधवल हे सिद्धांतग्रंथ ताडपत्रांवर इथंच शतकानुशतकं जपले गेले. त्यांतल्या महाधवलाची प्रत मल्लिकब्बे नावाच्या बाईनं श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनासाठी लिहवून घेतली आणि माघनंदी आचार्यांना दिली. आपण उद्यापनाला ताटं-वाट्या वाटतो. तिनं ग्रंथ दिला. पुढं याच ठेव्यातला धवल ग्रंथ पंडित हीरालाल जैन यांनी संपादून १९३९ पासून छापायला घेतला, आणि तेही आपल्या अमरावतीहून. एका बाईच्या व्रतासाठी लिहवलेली पानं अशी सातशे-आठशे वर्षं टिकतात, तेव्हा व्रत या शब्दाचा अर्थ जरा मोठा होतो.

मूडबिद्रीतलंच चौटा घराणं उळ्ळालवर राज्य करायचं. उळ्ळाल मंगळूरच्या दक्षिणेला, नेत्रावती ओलांडली की लागतं. सोमेश्वराच्या पुळणीवर काळे खडक आहेत, लाटा त्यांच्यावर फुटतात तेव्हा अंगावर तुषार येतात. वर देऊळ, त्याच्या आसपास जुन्या कोटाच्या खुणा. गावात मोठा दर्गा आहे, तिथं सगळ्या धर्मांची माणसं जातात. अब्बक्का इथली. १५६७-६८ मध्ये व्हाइसरॉय आंताव द नोरोन्या यानं मंगळूर आणि उळ्ळालवर स्वारी केली आणि १५६८ मध्ये मंगळूरला सांत सेबास्तियांव हा किल्ला बांधला. लोक सांगतात ती गोष्ट अशी की उळ्ळाल पडल्यावर राणी मशिदीत लपली, रात्रीतून माणसं जमवली आणि शत्रूच्या सेनापतीला गाठून मारलं. तिच्या फौजेत मोगवीर कोळी होते, ब्यारी मुसलमान होते. यक्षगानात ही कथा आजही नाचते. गोष्ट म्हणून ऐकावी, आणि इतिहास म्हणून एवढं ध्यानात ठेवावं की अब्बक्का हे नाव एकीचं नाही. मागोमाग दोघी-तिघी झाल्या असाव्यात. लोकांनी त्यांची मिळून एक अब्बक्का केली, जशी आपण आजीच्या आणि पणजीच्या गोष्टींची एकच गोष्ट करतो.

कारण १६२३ च्या डिसेंबरात तोच देल्ला वाल्ले मंगळूरजवळच्या मानेल गावी उळ्ळालच्या राणीला भेटला, आणि ती त्याला चाळिशीची वाटली. ही भेट वाचण्यासारखी आहे. राणी पालखीत नव्हती. अनवाणी चालत होती, कमरेला साधं सुती वस्त्र, वरचं अंग त्या काळच्या तिकडच्या रीतीप्रमाणं जवळजवळ उघडं, डोक्यावर कुणीतरी धरलेली ताडपानांची छत्री. कुठं निघाली होती? पाण्यासाठी नवे चर खोदले जात होते, त्यांची पाहणी करायला. पाहुण्याला ती राणीपेक्षा स्वयंपाकघरातल्या कळकट मोलकरणीसारखी वाटली, तसं त्यानं लिहिलंय. मात्र बोलायला लागल्यावर तिचं शहाणपण त्याला मान्य करावं लागलं. तिनं तुर्कांचा, इराणचा, मोगलांचा मुलूख पाहिलेल्या या माणसाला विचारलं की एवढं सगळं पाहून झाल्यावर माझ्या या रानात तुम्ही काय बघायला आलात?

मला हा प्रश्न फार आवडतो. त्यात लाज नाही आणि फुशारकीही नाही. आपलं राज्य केवढं आहे ते तिला माहीत होतं. या बाईनं त्याआधी बंगा घराण्यातल्या आपल्या नवऱ्याशी काडीमोड घेऊन, त्याचे दागिने त्याला परत पाठवले होते. तो पोर्तुगिजांकडं गेला, तर तिनं केळदीच्या नायकाला हाताशी धरलं. तरीही तिच्या दिवसाचं काम काय, तर चर नीट खोदलेत का ते उन्हात उभं राहून बघणं. आता पुतळ्यात आणि चित्रांत ती घोड्यावर असते, हातात तलवार, अंगावर भरजरी शालू. तटरक्षक दलाच्या एका गस्ती जहाजाला २०१२ मध्ये 'राणी अब्बक्का' नाव दिलं गेलं, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या शालूखाली अनवाणी पाय झाकले गेले तर आपण तिला पुन्हा एकदा हरवून बसू. प्रवाशानं तिला मोलकरीण म्हणून कमी लेखलं, आणि आपण तिला सजवून तेच करतो. दोघांनाही ती जशी होती तशी चालत नाही.

इथं आपल्या बैठकीत हमखास निघणारा प्रश्न निघतो. अहिंसा पाळणाऱ्या घरातली बाई लढाई कशी करते? प्रश्न खरा आहे, तो टाळू नये. आपल्या श्रावकाचारात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. मुद्दाम ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होते ती आरंभी, पोटापाण्याच्या उद्योगात होते ती उद्योगी, आणि स्वतःच्या, आश्रिताच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितलाय. उरलेल्या तिन्हींत शक्य तेवढा विवेक. राणी गृहस्थच होती. बंदर जळत असताना हात जोडून बसणं हा तिचा धर्म नव्हता. पण मला आणखी एक सांगायचंय. जिच्यासाठी मोगवीर कोळ्यांनी होड्या लोटल्या, तिनं त्यांच्या मासळीच्या टोपल्या पाहून नाकाला पदर लावला असता तर ते तिच्यासाठी मेले असते का? आपलं ताट आपण शुद्ध ठेवावं, जरूर ठेवावं. मात्र दुसऱ्याच्या ताटावरून माणूस तोलणं ही अहिंसा नव्हे. उळ्ळालच्या किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या बायका पाहिल्या तेव्हा हे मला पुस्तकातल्यापेक्षा जास्त पटलं.

आणि गादीवर बाई आलीच कशी? तुळुनाडात अळियसंतान नावाची रीत होती. वारसा मुलाकडं न जाता बहिणीच्या मुलांकडं जायचा, घराणं आईच्या बाजूनं मोजायचं. तिथले जैनही हीच रीत पाळत. आपण चतुर्थ, पंचम, शेतवाळ घरांतल्या बायका हे ऐकून चकित होतो, कारण आपल्याकडं माहेरच्या सातबाऱ्यावर नाव लागायला कायदा यावा लागला. तो आल्यावरही किती जणींनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या ते आपलं आपल्याला ठाऊक आहे. भाऊबीज तुटेल या भीतीनं केलेल्या सह्या. धर्म एकच, तीर्थंकर तेच, णमोकार तोच. एका किनाऱ्यावर बाईला गादी, आणि घाटावर तिला साडी-चोळी. म्हणजे हा फरक धर्मानं केलेला नाही, रिवाजानं केलेला आहे. 'आपल्यात असंच असतं' असं पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तर शांतपणे विचारता येईल की कुठल्या आपल्यात?

जायचं असेल तर दिवाळीनंतर, माघापर्यंत. पाच दिवस पुरतात. दोन रात्री गोकर्ण-कुमटा, एक होन्नावर, दोन मूडबिद्री. मूडबिद्रीला धर्मशाळा आहे, जेवणाची चिंता नाही. बाकी ठिकाणी इडली, नीर डोसा, केळी यांवर काम भागतं. गेरसोप्प्याला जाताना अक्षता आणि एक मऊ कुंचा बरोबर न्यावा, आणि परतीची वेळ उन्हं उतरायच्या आत ठेवावी, कारण रान लवकर अंधारतं. शक्य असेल तर घरातली बारा-चौदा वर्षांची एक तरी मुलगी सोबत घ्यावी.

दशलक्षण पर्वात आपल्याकडं मुलांच्या वेशभूषा होतात. चंदनबाला येते, राजुल येते, पद्मावती येते. यंदा एखादीला अब्बक्का करा. बाजारातून प्लॅस्टिकची तलवार आणू नका. साधं सुती पातळ नेसवा, पायांत काही घालू नका, हातात ताडपानांची छत्री द्या. आणि व्यासपीठावर एकच वाक्य बोलू द्या, की मी पाण्याचे चर बघायला निघाले आहे. समोरच्या बायका विचारतील, ही कोण? मग तिनं सांगावं.